काहील कधी उतरवायची?

गेले दोन शनिवार काहीच लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होता आणि रिलीजच्या आठवड्यात माणूस लेख लिहीत नाही, फक्त लॉग वाचतो. आजचा लेख त्याची भरपाई म्हणून जरा लांब झालाय. चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. मी आष्टीचा. आष्टी म्हटलं की पुण्यातला माणूस लगेच विचारतो, "बीडची का?" विदर्भातला असला तर त्याला वर्ध्याची शहीद आष्टी आठवते, १९४२ ची. आमची आष्टी या दोन्हींपेक्षा वेगळी, परतूर तालुक्यातली, जिल्हा जालना. आमच्या आष्टीचा इतिहासाच्या पुस्तकात धडा नाही, त्यामुळे तिच्यापासून सुरुवात करायची तर घरातलंच काहीतरी सांगावं लागतं.

लहानपणी आजोबांच्या विहिरीजवळ थंडीत गुऱ्हाळ लागायचं. चरकावर दोन गडी, चुलवाणात चिपाड सारणारा एक आणि काहिलीपाशी गुळव्या. गुळव्याला सगळे नाना म्हणायचे, आजोबासुद्धा, जरी आजोबा वयाने मोठे होते. बाकी कुणी काही बोललं तरी चालायचं, पण काहील उतरवायची वेळ नाना ठरवायचे. त्यात मालकालाही मत नव्हतं.

रस उकळायला लागला की नाना भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालायचे, मळी वर यायची, ती काढायची. मग तासन्‌तास आटवणं. शेवटच्या पंधरा मिनिटांत नाना एकदम गप्प व्हायचे. बुडबुडे बघायचे, वास घ्यायचे, झाऱ्यावरून पाक कसा ओघळतो ते बघायचे, मग थोडा पाक गार पाण्याच्या भांड्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करायचे. गोळी भांड्याच्या कडेवर आपटली की आवाज यायचा. त्या आवाजावर "उतरवा!" आणि चारपाच जण धावायचे. दोन मिनिटं आधी उतरवली तर ढेप बसत नाही, पसरते. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ काळा पडतो आणि बाजारात भाव पडतो. म्हणजे आजोबांच्या अख्ख्या वर्षाच्या उसाचा हिशेब त्या टणक आवाजावर. (घरात एकतारी आणि दोनतारी पाक ओळखणाऱ्या बायकांना हे सगळं नवीन वाटणार नाही, हे मान्य.)

सातवीत असताना मी शाळेतून थर्मामीटर आणला. न विचारता आणला, हेही सांगून टाकतो. म्हटलं नानांना विचारावं, किती अंशाला उतरवता? नानांनी माझा हात मनगटाला धरून मागे घेतला. म्हणाले, "काच फुटली तर समदा गूळ मातीत जाईल, बाळा. आन् अंश कशाला पायजेत? तीच सांगती की." ती म्हणजे काहील. पुढे कॉलेजात कळलं की ढेपेचा गूळ साधारण ११८ अंश सेल्सियसच्या आसपास उतरवतात, आणि माझा थर्मामीटर ११० पर्यंतचा होता! नानांनी हात धरला नसता तर आजोबांनी तो मोडला असता :-)

पण ११८ हा आकडा कळल्यावरही नाना काय करत होते हे कळलं असं होत नाही. कारण आकडा एक नाही. खारवट जमिनीतल्या उसाचा रस वेगळा, तोडून दोन दिवस पडलेल्या उसाचा वेगळा. ऊस पडून राहिला की त्यातल्या साखरेचं रूप बदलतं आणि गूळ मऊ राहतो. मग थोडं पुढे न्यावं लागतं. नाना सकाळी उसाच्या मोळ्या बघायचे तेव्हाच रात्रीचा निर्णय अर्धा झालेला असायचा. हे मला तेव्हा कळलं नाही. खरं तर कळायला बरीच वर्षं आणि एक चूक लागली. त्या चुकीकडे येतोच. आधी इतिहास.

कारखान्यात यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस निर्णय कसा घेतो, हा प्रश्न कागदावर आणायचा पहिला मोठा प्रयत्न फ्रेडरिक टेलरचा. १९०६ साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर्सच्या सोसायटीचा अध्यक्ष म्हणून त्याने लोखंड कापण्याच्या कलेवर एक भलंमोठं भाषण केलं. लेथवर उभा राहिलेला कारागीर दर वेळी दोन प्रश्न सोडवतो: यंत्र किती वेगाने फिरवू आणि हत्यार किती पुढे सरकवू? टेलर म्हणे, या दोन प्रश्नांमागे बारा वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या शोधायला त्याने २६ वर्षं प्रयोग केले. शेवटी कार्ल बार्थ नावाच्या गणित्याने त्या सगळ्याची एक स्लाइड रूल बनवली. पट्टी सरकवा, उत्तर वाचा. कारागिराने विचार करायचाच नाही!

टेलरला शिव्या घालायची फॅशन आहे, मी त्यात पडत नाही. माणूस कष्टाळू होता आणि त्याच्या पट्टीने उत्पादन खरंच वाढलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कारागीर निर्णय कसा घेतो हे त्याने शोधलंच नाही. निर्णय कसा घ्यायला हवा ते शोधलं. या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले आजही रिक्वायरमेंटच्या मीटिंगमध्ये दोन्ही एकच समजतो.

पहिला प्रश्न विचारायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. कारखान्यांत यंत्रांच्या जागी प्रक्रिया आल्या, तेल, रसायनं, पोलाद. हाताने करायचं काम कमी आणि बघत बसायचं काम जास्त. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या एडवर्ड क्रॉसमन आणि कूक या दोघांनी एक अगदी साधा प्रयोग केला. पाण्याचं भांडं, खाली हीटर, तापमान ठरलेल्या जागी आणून तिथे ठेवायचं. हॉटेलात गरम पाण्याचा नळ सुरू केल्यावर आपलं जे होतं तेच तिथे झालं. पाणी थंड म्हणून नळ सोडला, अजून थंड म्हणून आणखी सोडला, मग एकदम चटका, मग घाईने बंद. नवखा माणूस असा वरखाली हेलकावे खात राहतो. सरावलेला माणूस काय करतो? तो अंदाजाने एका जागी बटण ठेवतो आणि हात खिशात घालून थांबतो. म्हणजे त्याच्या डोक्यात त्या भांड्याची एक प्रतिकृती तयार झालेली असते, आणि तो भांड्याला नाही तर त्या प्रतिकृतीला विचारतो. नाना शेवटच्या पंधरा मिनिटांत गप्प का व्हायचे, याचं मला सापडलेलं हे पहिलं उत्तर.

मग बीशन नावाच्या संशोधकाने बेकरीच्या भट्टीवाल्याला काम करता करता मोठ्याने बोलायला सांगितलं. जे मनात येईल ते बोल, आम्ही टेप करतो. कल्पना साधी पण भारी आहे. १९६८ मध्ये त्याच पद्धतीने लिझान बेनब्रिज आणि तिच्या सहकाऱ्यांनी (त्यात बीशनही होता) पोलादाच्या विजेच्या भट्ट्यांचा अभ्यास केला. कारखान्यात पाच आर्क फर्नेस. दर अर्ध्या तासाला एकूण वीज ठरलेल्या मर्यादेच्या आत राहायला हवी. मर्यादा ओलांडायला लागली तर कुठल्या तरी भट्टीची वीज कापायची. कुणाची? वितळायला नुकती लागलेलीची की ओतायला आलेलीची?

त्या टेपांवरून जे निघालं ते मला फार आवडतं. कसलेला ऑपरेटर वीज जास्त झाल्यावर विचार करायला बसत नाही. सगळं सुरळीत असतानाच तो मनात ठरवून ठेवतो की आता गरज पडली तर तीन नंबरची कापीन, दहा मिनिटांनी पडली तर एक नंबरची. वरून बघणाऱ्याला वाटतं की माणूस नुसता बसलाय. प्रत्यक्षात तो पुढच्या दहा मिनिटांचं काम आत्ता करत असतो. आणि निर्णयाच्या क्षणी काटा अमुक आकड्यावर आहे असं नाही, तर 'ठीक आहे', 'वर चाललाय' असल्या ढोबळ शब्दांत त्याचा विचार चालतो.

भट्ट्यांचा विषय निघाला की जालन्याचा माणूस गप्प बसू शकत नाही. 'जालना, सोने का पालना' अशी म्हण आहे. सोनं कुणी पाहिलं नाही पण लोखंड भरपूर. महाराष्ट्रात घरं बांधायला लागणाऱ्या सळया मोठ्या प्रमाणावर जालन्याच्या एमआयडीसीतून येतात. स्क्रॅप आणि स्पंज आयर्न इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवायचं, बिलेट ओतायचं, रोलिंग मिलला लाटायचं. खर्चात वीज मोठी, त्यामुळे रात्री वीज स्वस्त असायची त्या काळात रात्रपाळी हीच खरी पाळी. इंजिनियरिंग संपल्यावर माझं पहिलं काम अशाच एका कारखान्यात होतं. (नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.) मालकाला हवं होतं एक सॉफ्टवेअर, जे प्रत्येक हीटची नोंद ठेवेल. स्क्रॅप किती वाजता टाकलं, किती युनिट लागले, धातू किती वाजता ओतला. आणि मग सांगेल की वेळ कुठे वाया जातो. वय बावीस, डोक्यात स्टॅटिस्टिक्स. मी उडी मारली.

भट्टीवर मेल्टर होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते धातूच्या रंगावरून तापमान सांगायचे, मग थर्मोकपल बुडवून बघायचं. आकडा बहुतेक वेळा त्यांच्या बाजूने यायचा. मी त्यांच्या मागे वही घेऊन आठवडाभर उभा होतो. पण मी त्यांना बोलायला सांगितलं नाही. बेनब्रिजचं नाव मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. मी फक्त घड्याळ बघत होतो.

ते राहू दे, आधी लंडनला जाऊ.

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी नावाचा एक प्राध्यापक होता. जन्म १९४२ चा, टांझानियातला. शिक्षण भारतात झालं आणि १९६६ ला इंग्लंडला गेला. तो आणि त्याचा विद्यार्थी असिलियन एका छोट्या प्रायोगिक वाफेच्या इंजिनावर काम करत होते. माणूस इंजिन चालवतोय ते बघून कॉम्प्युटरने शिकावं अशी सुरुवातीची कल्पना होती (आज याला आपण मशीन लर्निंग म्हणून पगारवाढ मागतो). ती काही नीट जमेना. दरम्यान अमेरिकेत लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये 'फझी सेट'ची कल्पना मांडली होती. त्यांचं म्हणणं असं की 'गरम' या शब्दाला एक काटेकोर सीमा नसते. ७० अंश थोडं गरम, ९० बरंच गरम, आणि हे 'थोडं' नि 'बरंच' गणितात बसवता येतं. ममदानी आणि असिलियनने इंजिन चालवायचे नियम सरळ शब्दांत लिहिले. दाब थोडा कमी आहे आणि हळूहळू वाढतोय, तर उष्णता थोडीच वाढव. असे २४ नियम. १९७५ मध्ये त्यांचा निबंध आला. इंजिन नीट चाललं!

मला विचाराल तर ऑपरेटरकडे बघायच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वळण. टेलरने कारागिराची भाषा पुसून आकडे दिले. ममदानीने आकड्यांना कारागिराची भाषा शिकवली.

कारखान्यात हे पहिल्यांदा टिकलं ते सिमेंटमध्ये. सिमेंटची भट्टी म्हणजे आडवी, किंचित उतरती, गोल फिरणारी प्रचंड नळी. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस किंवा आवारपूरला गेलात तर दुरूनच दिसते. आत १४५० अंशांच्या आसपास उष्णता. ऑपरेटर निळ्या काचेतून आत बघतो, ज्वाळेचा रंग, क्लिंकर कसं लोळतंय ते पाहतो. गणिताचं समीकरण लिहून ही भट्टी चालवायचे प्रयत्न पुन्हापुन्हा फसले होते, पण माणूस मात्र ती चालवत होताच. मग डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिथ कंपनीतल्या होल्मब्लाड आणि ऑस्टरगार्ड यांनी वेगळंच केलं. पेरे आणि वॉडेल यांचं १९७२ चं भट्टी-ऑपरेटरांसाठीचं एक पुस्तक होतं. त्यात मागचं तापमान, जळण्याच्या भागातलं तापमान आणि ऑक्सिजन, या तिन्हींच्या कमी-ठीक-जास्त अशा परिस्थिती देऊन काय करायचं ते लिहिलं होतं. तीन गोष्टी, प्रत्येकीच्या तीन अवस्था, एकूण २७. ऑपरेटरांना शिकवायचं पुस्तक त्यांनी कॉम्प्युटरला शिकवलं. १९७८ मध्ये प्रयोग सुरू झाले आणि १९८० पासून ही यंत्रणा विकायला लागली. पुढे जपानमार्गे हेच 'फझी लॉजिक' आपल्या वॉशिंग मशीनवर स्टिकर होऊन आलं, ती वेगळी गंमत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ऑपरेटरला विचारा, तो सांगेल ते लिहा, झालं काम. ऐंशीच्या दशकात सगळं जग 'एक्स्पर्ट सिस्टम'च्या मागे लागलं ते याच आशेवर. त्या आशेला सुई टोचली ती एका साखर कारखान्याने, तोही खोट्या. म्हणून तर मला ही गोष्ट सांगायचीय!

१९८४ मध्ये डायान बेरी आणि डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी कॉम्प्युटरवर एक साखर कारखाना बनवला. तुम्ही मॅनेजर. किती कामगार लावायचे तेवढं सांगायचं, १०० ते १२००. कॉम्प्युटर सांगणार किती टन साखर निघाली. लक्ष्य ९००० टन. आत फक्त एका ओळीचा कोड:

नवं उत्पादन = (२ × कामगार) − मागचं उत्पादन, आणि वर थोडी चिल्लर गडबड.

(कामगार शंभरांत, उत्पादन हजारांत.) सोपं वाटतं? करून बघा. सध्या ६००० टन निघतंय. तुम्हाला ९००० हवेत म्हणून ९०० कामगार लावले. बारातून सहा काढा... नाही, अठरातून सहा गेले, १२००० टन! तुम्ही म्हणाल, ठीक आहे, ९०० वरच ठेवू, येईल जागेवर. अठरातून बारा गेले, ६०००. पुढच्या वेळी परत १२०००. कारखाना वेडा झाल्यासारखा उड्या मारतो, आणि तुम्ही तर काहीच बदललेलं नाही. गडबडीचा भाग धरला तर कधी एक हजार इकडे, कधी तिकडे.

गंमत पुढे आहे. सराव केल्यावर लोक हा कारखाना बऱ्यापैकी चालवायला लागले. मग त्यांना विचारलं की अमुक परिस्थितीत किती कामगार लावाल, का लावाल? उत्तरं देताना त्यांची कामगिरी सुधारलेली दिसली नाही. हाताला आलं होतं, तोंडाला नाही. आणि ज्यांना तोंडी समजावून दिलं ते प्रश्नांची उत्तरं छान देऊ लागले, पण नुसतं समजावल्याने त्यांचा कारखाना काही सुधारला नाही! म्हणजे 'तीच सांगती की' हे नानांचं उत्तर टाळाटाळ नव्हती. त्यांच्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं.

आणि १९८३ मध्ये तीच बेनब्रिज परत येते. 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' नावाचा तिचा पाचेक पानांचा निबंध आहे. इंजिनियर असाल तर शोधून वाचाच. तिचा मुद्दा असा. डिझायनरला वाटतं माणूस चुकतो, म्हणून तो माणसाला बाजूला काढतो. पण जे काम डिझायनरला जमलं नाही तेवढं मात्र माणसाकडेच ठेवतो, म्हणजे सगळ्यात अवघड तेच. वर रोजचा सराव गेल्यामुळे त्याचा हात बसलेला राहत नाही. पहिल्या पिढीत हे लक्षात येत नाही, कारण पाहायला बसवलेला माणूस जुना, हाताने चालवलेला असतो. त्याच्या कमाईवर यंत्रणा चालते. दुसऱ्या पिढीकडे ती कमाई नसते.

आता माझी चूक.

तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन मी रिपोर्ट काढला. रंगीत बार चार्ट वगैरे. सगळ्यात उठून दिसत होती ती एक गोष्ट: जुलै-ऑगस्टमध्ये चाचांच्या पाळीत स्क्रॅप भट्टीच्या काठावर आणल्यावर आत टाकायला पंधरा ते वीस मिनिटं जास्त लागत होती. बाकी पाळ्यांत इतकी नाही. मी त्या रकान्याला नाव दिलं, 'ऑपरेटर आयडल टाइम'. ते नाव मी दिलं, दुसऱ्या कुणी नाही. मॅनेजरने तो रकाना पाहिला आणि चार्जिंगची वेळ ठरवून दिली, त्यापुढे गेलं की सुपरवायझर विचारणार.

आठवड्याच्या आत एका पावसाळी रात्री भट्टीतून धातू उसळला. एका हेल्परचा हात आणि खांदा भाजला. बावीस-तेवीसचा मुलगा, माझ्याच वयाचा. स्क्रॅप उघड्यावर पडलेलं, पाऊस पिऊन आलेलं. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी गेलं की त्याची वाफ होते आणि तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जागा करून घेते.

दुसऱ्या दिवशी मी चाचांसमोर उभा राहिलो. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "बेटा, मैं किनारे पे रखता था ना, सूखने के लिये. भट्टी की गर्मी फुकट की है." एवढंच. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "तूने पूछा किधर?"

खरं होतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पावसाला जागा नव्हती. पत्र्याचा बंद डबा स्क्रॅपमध्ये आला तर तो बाजूला काढायला लागणाऱ्या वेळेला जागा नव्हती. लायनिंग पातळ झालंय का म्हणून शेवटच्या हीटला मुद्दाम सावकाश जायला जागा नव्हती. मी चाचांचे निर्णय मोजले नव्हते, त्यांचे हात रिकामे असलेली मिनिटं मोजली होती. बेनब्रिजच्या भट्टीवाल्यासारखे ते पुढची दहा मिनिटं आत्ता करत होते, आणि मी त्याला आळस म्हणालो.

तो मुलगा दोन महिन्यांनी कामावर आला. हातावर चट्टा राहिला. मी त्याला जाऊन भेटलो होतो, काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

मॅनेजरला सांगून मी ती ठरवलेली वेळ काढायला लावली. पटकन ऐकलं त्यांनी, घाबरले होते तेही. फॉर्ममध्ये एक नवा रकाना घातला: 'थांबण्याचं कारण'. ड्रॉपडाउन नाही, मोकळी जागा. चाचांना लिहिता येत नव्हतं, ते सांगायचे आणि हेल्पर लिहायचा. पहिल्या महिन्याचं प्रिंटआउट माझ्याकडे बरीच वर्षं होतं. ओला. ओला. डबा बंद. ओला. लायनिंग बघितलं. ओला. आवाज बरोबर नाही. ओला.

'आवाज बरोबर नाही' म्हणजे काय, हे मी चाचांना विचारलं होतं. त्यांनी मला भट्टीपाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाले, सुन. मी ऐकलं. मला नुसती घरघर ऐकू आली.

तो रकाना पुढे राहिला की नाही माहीत नाही. मी पुण्याला आलो, आणि कारखान्याने नंतर दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतल्याचं कानावर आलं.